सरपण घरून न्यायचं

पुण्याहून भाच्याचा फोन होता. नाताळच्या सुट्टीत बायकोपोरांना घेऊन चंद्रपूरला येतोय, सगळे मिळून एक दिवस जंगलाकडे जेवायला जाऊ, काय काय आणू ते सांगा. यादी त्यानंच वाचून दाखवली: चटई, बॅडमिंटन, स्पीकर, कोळशाची शेगडी. मी म्हटलं, स्पीकर घरीच ठेव आणि शेगडीही राहू दे. इकडची यादी सरपणापासून सुरू होते.

"सरपण? मामा, आपण जंगलातच जातोय ना?"

जंगलात जातोय म्हणूनच सरपण घरून न्यायचं. चंद्रपूर-गडचिरोलीत बाहेर जेवायला निघताना जी तयारी करायची, तिचा बहुतेक भाग या एका वाक्यात येतो. तिथं पोचल्यावर कुणाला काही शोधायला, वेचायला, तोडायला झुडपात शिरावं लागू नये, अशा बेतानं सामान भरायचं.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले आणि त्यातले सर्वांत जास्त चंद्रपूर जिल्ह्यात. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं; १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. पण वाघ काही फाटकाच्या आतच राहत नाही. ब्रह्मपुरी वनविभागाचं जंगल प्रकल्पाच्या बाहेर आहे, शेतांना आणि गावांना लागून आहे, आणि तिथं वाघ भरपूर आहेत. या दोन जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यात जीव गेलेल्या माणसांच्या बातम्या वर्षभर येत राहतात. त्यात बहुतेक वेळा सरपण आणायला गेलेली बाई असते, नाहीतर मोहफुलं वेचणारा, तेंदूपत्ता तोडणारा किंवा गुरं चारणारा माणूस. वाघ ज्यांची शिकार करतो ती जनावरं चार पायांवर, जमिनीला समांतर चालतात. उभा माणूस त्या आकारात बसत नाही. पण तोच माणूस खाली वाकला किंवा उकिडवा बसला, की मागून पाहणाऱ्याला तो जनावरासारखा दिसतो. शिवाय वाघ शक्यतो मागून येतो. म्हणूनच १९८० च्या दशकात बंगालच्या सुंदरबनात मध गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला दिले होते. चुलीसाठी चार काटक्या आणते म्हणून झुडपात शिरलेली वहिनी नेमकी वाकलेली असते, एकटी असते आणि तिची पाठ जंगलाकडे असते. घरून पोतंभर लाकडं नेली की हा प्रसंगच येत नाही.

आमच्याकडे या बेताला पिकनिक क्वचितच म्हणतात. डब्बा पार्टी म्हणतात, रोडगा पार्टी म्हणतात, शाळेची असेल तर वनभोजन. जुना प्रकार म्हणजे कार्तिकातलं आवळी भोजन: आवळीच्या झाडाची पूजा करायची आणि तिच्याच सावलीत पंगत मांडायची. हंगामही त्याच सुमारास सुरू होतो. दिवाळीनंतर धान कापून होतो, हातात थोडा पैसा आणि थोडी उसंत येते. गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लागतात, नाटकाच्या निमित्तानं पाहुणे उतरतात, रात्रभर नाटक बघतात आणि दुसऱ्या दिवशी तलावावर किंवा वावरात जेवण होतं. डिसेंबर-जानेवारी हाच खरा काळ. मार्चपासून ऊन चढतं, मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपर्यंत जातो, तेव्हा घराबाहेर जेवायचा विचारही कुणी करत नाही. मार्च-एप्रिलची सकाळ आणखी एका कारणानं टाळावी. तेव्हा मोह गळतो, आणि मोहाच्या फुलांवर माणसाइतकंच अस्वलही जीव टाकतं. पिल्लं पाठीवर घेतलेली अस्वलीण अचानक समोर आली तर ती पळून जाईल, असं धरून चालू नये.

जागा निवडणं ही तयारीची पहिली पायरी आणि तिथंच बहुतेक लोक घाई करतात. झाडीपट्टी हा तलावांचा मुलूख आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं इथं धानासाठी तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले आणि आज सरकारदरबारी त्यांना 'माजी मालगुजारी तलाव', थोडक्यात मामा तलाव म्हणतात. गावाजवळचा असा तलाव, त्याची पाळ आणि पाळीवरचं आंब्याचं झाड ही माझ्या मते घरच्या पार्टीची सर्वांत चांगली जागा. माणसांचा वावर असतो, रस्ता जवळ असतो, हाक मारली तर कुणी ऐकतं. मोठ्या तलावांत नागभीड तालुक्यातलं घोडाझरी सगळ्यांच्या आवडीचं. आमच्या लहानपणी तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायचो. २०१८ साली घोडाझरी परिसरातलं सुमारे १५९ चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य घोषित झालं. त्यामुळे आता तिथं कुठं थांबता येतं, कुठं चूल चालते आणि कुठं नाही, हे वनविभागाच्या माणसाला आधी विचारून घ्यायचं. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, मग ते आपल्या लहानपणचं का असेना.

गडचिरोलीकडे गेलं तर मार्कंडा आहे. तिथं वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि काठावर दगडी कोरीव देवळांचा समूह उभा आहे. चपराळा आहे, तिथं वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. तेही अभयारण्य. आणखी दक्षिणेला भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या भेटतात. पण तिकडचं जंगल गावांचंच आहे, हे लक्षात ठेवून जावं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो गावांना हे हक्क मिळाले. म्हणजे रस्त्याकडेची जी सावली आपल्याला मोकळी वाटते, तिला मालक आहे आणि तो हाकेच्या अंतरावर राहतो. गावात शिरावं, जोहार करावा, कुठं बसलेलं चालेल ते विचारावं. चार दगड मांडून ठेवलेली एखादी राई गोंड-माडिया लोकांच्या देवाची जागा असते. तिथं चटई अंथरली तर ते कुणी बोलून दाखवणार नाही, पण त्यांच्या मनाला लागेल. विचारण्याचा दुसरा फायदा असा, की कालच्या रात्री कुठलं जनावर कुठून गेलं, हे गावाला माहीत असतं. २०२१ साली छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि तेव्हापासून हत्ती आज कुणीकडे आहेत, हे विचारणं तिथं रोजचं झालं आहे.

आता विस्तवाबद्दल. भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा आहे आणि राखीव जंगलात मनाला येईल तिथं विस्तव पेटवणं किंवा जळता सोडून जाणं हा त्याखाली गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. सागाची आणि बांबूची पानं तोवर जमिनीवर घोट्याएवढी साचलेली असतात आणि एका ठिणगीनं डोंगर जळतो. तेव्हा स्वयंपाक तिथंच करायचा असेल तर जागा जंगलाची नको. नात्यातल्या कुणाचं वावर, देवळाचं पटांगण किंवा गावची परवानगी असलेली तलावाची पाळ बघावी. वावरातही एक पथ्य आहे. कापलेल्या धानाचं पुंजणं आणि तणशीचा ढीग कुठं आहे ते आधी बघायचं, वारा कुणीकडून येतो ते बघायचं आणि चूल लांब मांडायची. पुंजणं म्हणजे शेतकऱ्याचं अख्खं वर्ष असतं.

आणि चूल मांडण्याआधी वर बघायचं. हे मला आमच्या मावशीनं शिकवलं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. नदीकाठच्या मोठ्या अर्जुनाखाली मोठ्यांनी तीन दगड लावले, ओली लाकडं घातली आणि धूर वर चढला. फांदीला काळं, अर्ध्या चंद्रासारखं काहीतरी लटकलेलं होतं. मला ते फांदीचाच भाग वाटलं. मग ते हललं. सगळ्या अंगभर एक लाट गेली, चादर झटकावी तशी. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं: आवाज, पळापळ, आजीच्या पदराखालचा अंधार आणि पातेल्यात अर्धवट शिजून तसंच राहिलेलं वरण. आम्ही थोडक्यात सुटलो, काकांना चौदा डंख होते. तेव्हापासून मावशीचं वाक्य घरात कायमचं झालं, "आधी वर पाह्य, मंग चूल मांड."

ते आग्या मोहोळ होतं. या माशा पोकळीत घर करत नाहीत, उघड्यावर एकच मोठं पोळं टांगतात, मीटरभर रुंदसुद्धा, आणि त्यावर हजारो माशा एकमेकींना धरून पडद्यासारख्या बसलेल्या असतात. लाटेसारखी जी हालचाल दिसते तो त्यांचा इशारा असतो. खालून आलेला धूर आणि ऊब त्यांना वणव्यासारखी वाटते. एक माशी चावली की तिचा काटा कातडीत अडकून राहतो आणि त्याच्यासोबत पिकल्या केळासारख्या वासाचं एक रसायन हवेत सुटतं. त्या वासावर बाकीच्या माशा त्याच माणसाकडे धावतात. म्हणून चावलेल्या जागी उभं राहून हात झाडणं सर्वांत वाईट. तोंड-डोळे झाकायचे, सरळ पळायचं, गाडीत किंवा घरात शिरून काचा-दारं लावायची. पाण्यात उडी मारू नये. माशा वर घिरट्या घालत वाट बघतात आणि घाबरलेला माणूस बुडतो. काटा दिसला की नखानं लगेच खरवडून काढायचा, कारण त्याची विषाची पिशवी तुटल्यावरही विष ढकलत राहते. ओठ-डोळे सुजले, दम लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा. अत्तर, सुगंधी तेल आणि भडक वासाचा स्प्रे त्या दिवशी घरीच ठेवावा.

रोडग्याचं सगळं तंत्र या विस्तवाच्या विचाराशी जोडलेलं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. नवसाचा रोडगा नाथांच्या भारुडामुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. विदर्भात तो आजही खरोखर भाजला जातो. गहू जाडसर दळून आणायचा. कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून ती घट्ट भिजवायची. एक छोटा गोळा करायचा, त्यावर तेल लावलेली पारी गुंडाळायची, त्यावर दुसरी, म्हणजे आत पदर सुटतात. हे गोळे ज्वाळेवर भाजत नाहीत. गोवऱ्या रचून पेटवायच्या, त्यांच्या ज्वाळा पूर्ण बसू द्यायच्या, लाल इंगळ झाले की त्यावर गोळे मांडायचे, फिरवत राहायचं आणि शेवटी गरम राखेत, फुफाट्यात, पुरून ठेवायचे. पाऊण-एक तासानं रोडग्याला भेग पडते. मग तो फडक्यात धरून राख झटकायची आणि मुठीनं फोडायचा. आतून वाफ येते आणि त्या भेगेत तूप सोडायचं. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची रस्साभाजी, वरून सांबार. भाच्याच्या बायकोसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. गोवरी सावकाश जळते, लाकडासारखी तडतडत नाही, तिच्या ठिणग्या उडत नाहीत आणि एकसारखी धग देते. कोरड्या तणसानं भरलेल्या मुलुखात हा पदार्थ टिकला, त्याचं हेही एक कारण असावं असं मला वाटतं. गोवऱ्या पोत्यात भरून न्यायच्या, वाळलेल्या न्यायच्या आणि मोजून न्यायच्या.

भात मात्र तिथंच शिजवावा, नाहीतर नेऊच नये. पहाटे ५ वाजता शिजवलेला भात झाकणबंद पातेल्यात कोमट राहतो आणि दुपारी २ वाजता वाढला जातो. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यानं मरत नाहीत. कोमट भातात ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. तो भात पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. बाहेरच्या जेवणानंतर अख्ख्या घराला उलट्या होतात आणि दोष पाण्यावर जातो, तेव्हा कित्येकदा खरा दोषी हा भात असतो. तांदूळ कोणता, हे सांगायला मला आनंद वाटतो: एचएमटी. घोडाझरी ज्या नागभीड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतात काही वेगळ्या ओंब्या पाहिल्या, त्यांचं बी जपून वेगळं पेरलं आणि वर्षानुवर्षं निवड करत हा वाण तयार केला. नाव तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून पडलं. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्या गावाजवळून जाताना पोरांना हे सांगावं आणि मग पंगतीत तो भात वाढावा. डब्यातून न्यायचं असेल तर पोळ्या, कोरडा झुणका, जवसाची किंवा तिळाची चटणी, ठेचा. ज्यात ओल कमी ते टिकतं. वाढायला पळसाच्या किंवा मोहाच्या पानांच्या पत्रावळी, त्याही बाजारातून आणलेल्या. झाडाची पानं तोडायला पोरांना पाठवायचं नाही.

पाण्याचा माझा हिशेब साधा आहे. बारा माणसांना पिण्याचं, स्वयंपाकाचं, हात धुण्याचं आणि शेवटी चूल विझवण्याचं मिळून २० लिटरचे ३ जार. एक गोष्ट मात्र मोकळेपणानं बोलायला हवी. अशा दिवशी घरातल्या बायका पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. मग डोकं दुखतं, चक्कर येते आणि ऊन लागलं असं सगळे म्हणतात. शौचालय असलेली जागा निवडणं हा त्यावरचा खरा उपाय. नसेलच तर वाटेत पेट्रोल पंपावर थांबायचं, आणि जेवणाच्या जागी दोन गाड्यांच्या मध्ये जुनी साडी बांधून आडोसा करायचा. कुणीही, पुरुषसुद्धा, एकट्यानं झुडपामागं जायचं नाही. कारण वर सांगितलं तेच: बसलेला माणूस. लहान पोरांवर एका मोठ्या माणसाची नजर दिवसभर हवी आणि ते काम सकाळीच नाव घेऊन वाटून द्यावं. सगळ्यांचं लक्ष आहे असं गृहीत धरलं की कुणाचंच नसतं.

पोरं पाण्याकडे ओढली जातात. तलावाचा काठ उथळ दिसतो, पण चिखल पाय धरतो. नदीत वाळू उपसलेल्या जागी खड्डे राहतात. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की डोक्यावरून पाणी. वैनगंगेत आणखी एक धोका आहे, तो आभाळाकडे बघून कळत नाही. वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. त्याची दारं उघडली की आपल्याकडे थेंबभर पाऊस नसतानाही पाणी चढतं. म्हणून नदीच्या मधल्या रेतीवर किंवा खडकावर पंगत मांडू नये, आणि पोहायचं असेल तर घरी परत आल्यावर जलतरण तलावात.

दगडावर बसण्याआधी काठी आपटावी. घोणस थंडीत ऊन खायला बाहेर येते आणि वाळल्या पानांत दिसत नाही. साप चावलाच तर आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं. निघण्याच्या आदल्या दिवशी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे ते बघून ठेवावं. जंगलात फोनला रेंज नसते, म्हणून १०८ आणि वनविभागाचा १९२६ हे क्रमांक पाठ असले तरी रेंज शेवटची कुठं होती तेही लक्षात ठेवावं. कुठं जातोय आणि कितीला परततोय, हे घरी राहणाऱ्या एकाला सांगून जावं.

सकाळी ९ च्या पुढे पोचायचं आणि ४ वाजता आवरायला घ्यायचं. डिसेंबरात साडेपाचला सूर्य बुडतो आणि त्यानंतरचा रस्ता चितळांचा, रानडुकरांचा असतो. आवरताना उरलेलं अन्न माकडांना घालू नये. चिप्सच्या रिकाम्या पाकिटाला मीठ लागलेलं असतं, हरणं ते चाटता चाटता गिळतात, म्हणून प्रत्येक पाकीट मोजून परत आणायचं. चुलीवर पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं आणि मग हाताचा मागचा भाग राखेजवळ न्यायचा. ऊब लागली तर अजून पाणी. तिसरा जार त्यासाठीच असतो.

घरी आल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि पोरांच्या काखा, जांघा, कानामागची जागा बघावी. गवतातल्या बारीक किड्यांच्या पिल्लांमुळे स्क्रब टायफस होतो. २०१८ साली विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. चावलेल्या जागी कधी कधी काळी खपली धरते, ती दुखत नाही म्हणून नजरेतून सुटते. गडचिरोलीत हिवतापही बराच. दोन्ही आजार लगेच दिसत नाहीत. साधारण आठवड्यानं, दोन आठवड्यांनी ताप येतो, आणि तोवर भाचा पुण्यात आपल्या कामाला लागलेला असतो. तिथल्या डॉक्टरांच्या डोक्यात गडचिरोली येण्याचं कारण नाही. वेळेत कळलं तर दोन्हींवर साधी औषधं आहेत. म्हणून मी त्याला यादीत शेवटी एक पेन लिहायला सांगितलं. परत गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी 'जंगल' एवढा शब्द लिहून ठेव, आणि पुढच्या तीन आठवड्यांत घरात कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना सगळ्यात आधी तो चौकोन सांग.